हात दिसला की उभं राहायचं

"खिसे उलटे करा. मागचेही. चष्मा इकडे द्या. बाह्या वर. घड्याळ, अंगठी, केसांतली पिन, सगळं लॉकरमध्ये."

बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्नेहलता दिघे ही वाक्यं अकरा वर्षं म्हणत आली. आठवड्याचे पाच दिवस, सिनेमासारखे दिवसाला दोन खेळ. परदेशी शिकायला निघालेली मुलं जीआरई नावाची परीक्षा संगणकावर द्यायला तिथे यायची. स्नेहलता पासपोर्टवरचा फोटो चेहऱ्याशी ताडून बघायची, लॉकरची किल्ली हातात द्यायची, मुलाला त्याच्या खुर्चीवर नेऊन बसवायची आणि मग काचेच्या अलीकडून दोन तास त्याच्या पाठीकडे बघत राहायची. कुणी हात वर केला की दहा सेकंदांत उठायचं, हा सेंटरचा नियम. पहिल्या वर्षी ती मोजून उठायची. पुढे पुढे हात आणि ती एकदमच वर व्हायला लागले.

पेपर संपला की पडद्यावर आकडा यायचा आणि मुलं तो तोंडावर घेऊनच बाहेर पडायची.

"मॅडम, तीनशे दहा आव्या. ॲडमिशन मळशे?"

"मला नाही माहीत, बेटा. मी फक्त खिसे बघते."

पुढच्या पाळीत दुसरा. "मॅडम, तीनशे बावीस. मिळेल ना?"

"मी फक्त खिसे बघते."

घर दांडिया बाजारात. नवरा सुभाष कोयलीला रिफायनरीत, पाळीची नोकरी, बोलणं मोजकं. मुलगी प्राची वीस वर्षांची, कॉलेजात. आणि सासरे श्रीपतराव, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी आयुष्यभर गणिताचे पेपर तपासले होते आणि आता पेपर उरले नव्हते म्हणून माणसं तपासायचे.

एका रविवारी पोहे खाता खाता स्नेहलता म्हणाली, "इतकी मुलं विचारतात मला. किती गुणांना प्रवेश मिळतो, ते कुणालाच कसं नीट माहीत नाही?"

"तू सांग ना काहीतरी ठोकून," प्राची म्हणाली. "क्लासवाले तेच करतात."

"मी शोधलं काल तुझ्या लॅपटॉपवर. गुण म्हणजे काय, ते कशाबद्दल सांगतात, कशाबद्दल सांगत नाहीत, याचा अख्खा विषय आहे. शैक्षणिक मापन म्हणतात. अमेरिकेत दोन वर्षांचं एम.ए. आहे त्यात."

"बरं मग?"

"मग मी अर्ज करणार आहे."

सुभाषने पोह्यांतली मिरची बाजूला काढून ठेवली. अण्णांनी चष्मा काढला. हे ते फक्त उत्तर चुकलं की करायचे.

"सूनबाई, बी.एस्सी.ला किती होते तुला?"

"तुम्हाला माहीत आहे, अण्णा."

"एकावन्न टक्के. एकावन्न हा आकडा पाकिटात शोभतो. गुणपत्रिकेत नाही."

हा विनोद घरात बावीस वर्षं चालू होता. दर लग्नाला, दर मुंजीला, पाकिटात एकावन्न घालताना अण्णा म्हणायचे, "घ्या, आमच्या सूनबाईंची टक्केवारी." आणि स्नेहलता दर वेळी हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"अण्णा, लग्नाची तारीख कुणी धरली होती?"

"मी. का?"

"अठ्ठावीस फेब्रुवारी. माझे पेपर दहा मार्चला होते. स्टॅटिस्टिक्सचं शेवटचं वर्ष. पाचपरतावण, सत्यनारायण, देवदर्शनाला करजणच्या पुढे जाऊन आलो. पुस्तक कधी उघडायचं होतं मी?"

अण्णांनी चष्मा परत घातला. पोहे गार झाले होते.

"मुहूर्त चांगला होता," ते म्हणाले. पण हळू म्हणाले.

*

अडचण अशी की त्या विद्यापीठाला जीआरई सक्तीची नव्हती. वाटलं तर गुण पाठवा, नाही पाठवले तरी चालेल, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

"सुटलीस, आई," प्राची म्हणाली. "ऐच्छिक म्हणजे नको. शाळेत ऐच्छिक चित्रकला होती, कोण जायचं?"

"ज्यांना काढता यायची ती जायची."

"पण कमी आले तर? आहे तेही बिघडेल."

स्नेहलता कुकर उघडत होती. तिने भातवाढीने चार शितं उचलून ताटलीत टाकली. "शितावरून भाताची परीक्षा करतात, बरोबर? तुझ्यासारख्या मुलीचं शीत ताजं असतं. चार वर्षांचे मार्क, प्रोजेक्ट, काल शिकवलेल्या सरांचं पत्र. त्यांना आणखी कशाला लागेल परीक्षा? माझं शीत बावीस वर्षांचं आहे. माझ्या अर्जात या वर्षाची तारीख असलेला एकच कागद असू शकतो. तोच द्यायचा नाही म्हणतेस?"

प्राचीने एक शीत तोंडात टाकलं. "शिजलाय," म्हणाली, आणि लॅपटॉप आणायला गेली.

मग तयारी. अकरा वर्षं इतरांचे पासपोर्ट उघडून बघितलेल्या बाईकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता. तो काढला. सेंटरचे मालक केयूरभाई, बडोद्यातच वाढल्यामुळे मराठी बोलणारे, त्यांनी पासपोर्टचा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "स्नेहाबेन, पण आपल्या सेंटरवर तुम्ही नाय बसू शकत, हां. रूल. अमदावाद जावं लागेल."

"जाईन ना."

"बाकी तुम्हाला काय, परीक्षा तर तुम्हाला पाठ."

"मला परीक्षेच्या बाहेरचं पाठ आहे, केयूरभाई. आतलं मी कधी बघितलंच नाही."

गणित हळूहळू परत आलं, जसं बंद खोलीतलं सामान एकेक झटकून बाहेर काढावं तसं. अण्णा आधी दारातून बघायचे. मग खुर्ची ओढून बसायचे. मग एक दिवस लाल पेन घेऊनच आले. "ही पायरी गाळलीस."

"अण्णा, इथे पायऱ्या बघत नाहीत. फक्त उत्तर."

"मग त्या परीक्षेला संस्कार नाहीत."

इंग्रजी शब्द मात्र डोक्यात थांबेनात. प्राचीने ते चिठ्ठ्यांवर लिहून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवले, आणि मुद्दाम उलटे. साखरेच्या डब्यावर तिने 'ॲबस्टीमियस' लावलं, म्हणजे खाण्यापिण्यात संयम पाळणारा. अण्णांना मधुमेह होता. संध्याकाळच्या चहाला ते आता विचारायचे, "सूनबाई, त्या संयमी डब्यातली अर्धा चमचा मिळेल का?"

*

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सुभाष रात्रपाळी करून सरळ स्टेशनवर आला. अहमदाबादच्या गाडीत तो तिच्या शेजारी बसल्या बसल्या झोपला. उतरताना फक्त म्हणाला, "घाई करू नकोस. वाल्व्ह घाईत उघडला की लीक होतो."

तिथल्या सेंटरवर निळ्या जॅकेटमधली एक तरुण बाई म्हणाली, "खिस्सां उलटां करो, बेन."

स्नेहलताने खिसे आधीच उलटे करून ठेवले होते. चष्मा पुढे धरला होता, बाह्या वर होत्या.

"तमे पहेलां पण आपी छे परीक्षा?"

"ना," स्नेहलता म्हणाली. "पहेली वार."

गणिताचे दोन भाग असतात. पहिला बरा गेला की यंत्र दुसरा अवघड देतं. दुसऱ्या भागातला पहिलाच प्रश्न बघून स्नेहलताला घाम फुटला, आणि मग लक्षात आलं की हा घाम आनंदाचा आहे. सव्वीस मिनिटं, पंधरा प्रश्न. ती नवव्यावर होती.

डाव्या हाताला बसलेल्या मुलीचा पडदा गोठला. मुलीने हात वर केला.

आणि स्नेहलता दिघे उभी राहिली.

विचार नाही, काही नाही. खुर्ची मागे, दोन पावलं पुढे, मान किंचित वाकवून 'सांगा, काय झालं' म्हणायला तोंड उघडलं, आणि उजवा हात सवयीने कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. जुडगा नव्हता. तिथे हात रिकामाच फिरला तेव्हा तिला कळलं की आपण कुठे आहोत.

"बेन, तमे क्यां चाल्यां?" निळं जॅकेट धावत आलं.

"सॉरी. सॉरी." ती बसली. घड्याळ थांबत नाही, हे तिने हजारो मुलांना सांगितलं होतं. ते थांबलं नव्हतं. दहावा प्रश्न तिने तीनदा वाचला. शेवटचा वाचलाच नाही. जे बटण समोर आलं ते दाबलं आणि वेळ संपली.

पडद्यावर आलं: भाषा एकशे एकावन्न. गणित एकशे सदुसष्ट. दोन्ही एकशे सत्तरपैकी. ही खरं तर नाचायची जागा होती. पण स्नेहलता सरळ टेबलाकडे गेली.

"बेन, मी परवानगीशिवाय उठले. त्याचा रिपोर्ट लिहायचा असतो. लिहा."

"अरे, जवा दो ने. कशुं थयुं नथी." काही झालेलंच नाही, असं म्हणून तिने हात उडवला.

"कॅमेऱ्यात आलंय. तुम्ही नाही लिहिलं आणि त्यांनी बघितलं, तर तुमच्यावर येईल." मग तिने सांगितलं की ती कोण आहे, कुठे काम करते.

त्या बाईने डोक्याला हात लावला. "तो पण तमने खबर छे ने, रिपोर्ट लख्यो तो स्कोर अटकी जशे."

खबर होती. चांगलीच होती. दोन वर्षांपूर्वी बडोद्याच्या सेंटरवर सात नंबरच्या खुर्चीवर उत्कर्षा नावाची मुलगी बसली होती. वर एसीचा झोत. ती सांगितल्याशिवाय उठून तो फिरवायला गेली. स्नेहलताने रिपोर्ट लिहिला, नियमाप्रमाणे. गुण अडकले. सुटले तोवर तिच्या अर्जाची मुदत गेली होती. ती नंतर पासपोर्टच्या झेरॉक्सवर सही मागायला आली तेव्हा स्नेहलताकडे बघत नव्हती.

"लिहा," स्नेहलता म्हणाली. "आणि 'दुसऱ्या उमेदवाराशी बोलले नाही' हेही लिहा. ते खरं आहे."

बाहेर सुभाष जिन्यात बसला होता. "किती?"

"एकशे सदुसष्ट. पण हातात यायचे नाहीत कदाचित." तिने सगळं सांगितलं.

तो जिन्यावरून उठला. मग म्हणाला, "आमच्याकडे पण अलार्म झाला की लिहितातच. खोटा असला तरी." आणि तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

*

अर्जाची शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. दहा दिवसांत येणारे गुण आले नाहीत. 'चौकशी चालू आहे' एवढीच एक ओळ.

"टाक अर्ज त्याच्याशिवाय," प्राची म्हणाली. "ऐच्छिक आहे, आई. ऐच्छिक."

"पंधरापर्यंत थांबते."

केयूरभाई म्हणाले, "एक फोन करू? वर ओळख आहे माझी."

"नको. त्या उत्कर्षासाठी केला होतात का?"

केयूरभाईंनी फोन खिशात ठेवला.

अण्णांना वेगळाच प्रश्न पडला होता. "भाषेत एकशे एकावन्न, म्हणतेस. शून्यापासून?"

"नाही, अण्णा. एकशे तीसपासून सुरू होतं."

"म्हणजे काही न येणाऱ्यालाही एकशे तीस?"

"साधारण."

"मग तुला एकवीसच की. सत्तरच्या दशकात मी कोऱ्या पेपरला शून्य देत होतो, लोक मला निर्दय म्हणायचे."

"गणितात सदतीस आहेत, अण्णा. चाळीसपैकी."

अण्णांनी मनातल्या मनात भागाकार केला. ओठ हलले. मग ते देवघराकडे गेले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतः निरांजन लावलं.

तेरा डिसेंबरला दुपारची पाळी. सेंटरवर काम करणाऱ्यांचे फोनही लॉकरमध्येच. साडेतीनला टेबलावरचा जुना फोन वाजला. तो सहसा वाजत नसे. केयूरभाईंनी उचलून स्नेहलताकडे दिला.

"हॅलो, दिघे बोलतोय."

"कोण दिघे?"

"तुझे."

नोकरीच्या अकरा वर्षांत या माणसाने तिला कामावर फोन केला नव्हता.

"काय झालं? अण्णा बरे आहेत ना?"

"अण्णा माझ्या मांडीवर चढून स्क्रीन बघतायत. मेल आलाय. वाचू?"

"वाचा."

"इंग्रजी आहे. प्राची कॉलेजात आहे. मी जमेल तसं वाचतो." त्याने घसा साफ केला. शब्द एकेक करून आले, पाळीचा अहवाल वाचावा तसे. चौकशी पूर्ण. चित्रफीत पाहिली. उमेदवाराने कोणताही लाभ घेतलेला नाही. गुण ग्राह्य.

"परत वाचा."

"गुण ग्राह्य," सुभाष म्हणाला.

काचेच्या आत कुणीतरी हात वर केला. स्नेहलता फोन टेबलावर तसाच ठेवून उठली. इथे तिला तो हक्क होता. मागे फोनमधून अण्णांचा आवाज येत राहिला, "गेली का? काय म्हणाली? अरे, काय म्हणाली ती?"

*

जानेवारीत मुलाखत झाली. इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. प्राचीने लॅपटॉपखाली तीन पाठ्यपुस्तकं रचली होती, अण्णांना दुसऱ्या खोलीत बसवून दार लावलं होतं. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. बोलणं इंग्रजीत.

"तुमचे गुण आम्हाला उशिरा मिळाले. का?"

स्नेहलताने सांगितलं. सगळं. हात, दोन पावलं, नसलेल्या किल्ल्या. उत्कर्षाचंही सांगितलं, ते विचारलं नव्हतं तरी.

प्राध्यापिका हसायला लागल्या होत्या, त्या उत्कर्षापाशी थांबल्या. "किती वेळ गेला तुमचा?"

"उठण्या-बसण्यात मिनिटभर. डोकं ठिकाणावर यायला आणखी दोन. शेवटचा प्रश्न अंदाजाने सोडवला."

"मग तुमचा एकशे सदुसष्ट हा खरा आकडा आहे का?"

बंद दारामागे खुर्ची करकरली. अण्णा कान लावून होते.

"त्या दिवसाचा खरा आहे," ती म्हणाली. "माझा खरा किती, ते एका दिवसावरून कळत नाही. सात नंबरच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा खरा किती, तेही कळत नाही. त्यांना थंडी वाजते. अकरा वर्षं बघतेय. ते कसं मोजायचं, हे शिकायला मला यायचंय."

प्राध्यापिकांनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मी स्पष्ट सांगते. बावीस वर्षांचा उमेदवार असता तर मी हे गुण क्वचितच बघितले असते. त्याचं बाकीचं पुष्कळ असतं. तुमच्या अर्जात जुनी गुणपत्रिका होती, ती वाचून मी पुढचा अर्ज उघडणार होते. गणिताच्या आकड्याने मला थांबवलं. त्याने प्रवेश दिला नाही. फक्त अर्जासोबतचा तुमचा निबंध वाचायला लावला."

"आणि निबंध?"

"भाषेच्या आकड्यापेक्षा खूप बरा आहे," त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये पत्र आलं. प्रवेश, आणि विद्यापीठातच शिकवायला मदत करण्याचं काम, त्यात फी माफ. सुभाषने वाचलं, घडी घातली, उघडून परत वाचलं. "मला पिठलं येतं," म्हणाला. "प्राचीला भात येतो. दोन वर्षं जातील."

त्याच आठवड्यात नात्यात लग्न होतं. अण्णा पाकीट भरत बसले. स्नेहलता शेजारी उभी राहिली, नेहमीच्या वाक्याची वाट बघत. अण्णांनी पाकीट बंद केलं, चिकटवलं.

"पत्रिका आण रे त्यांची," ते सुभाषला म्हणाले. "आणि त्या पोरीला विचार, नवरीला विचार त्यांच्या, परीक्षा कधी आहे तिची. आधी विचारायला हवं."

*

जुलैतला तिचा शेवटचा आठवडा. सकाळच्या पाळीतली एक मुलगी बाहेर आली, डोळे भरलेले.

"मॅडम, भाषेत एकशे त्रेपन्न, गणितात एकशे छप्पन्न. ॲडमिशन मळशे?"

केयूरभाई टेबलाशी होते. त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं.

"बस," स्नेहलता म्हणाली. "इंजिनिअरिंगला किती आहेत?"

"नऊच्या जवळ. दहापैकी."

"प्रोजेक्ट?"

"पाणी शुद्ध करण्यावर. कोयलीला इंटर्नशिप पण."

"पत्रं कोण देणार? तुला ओळखणारे सर, की नुसते मोठे सर?"

मुलगी गोंधळली. "एक ओळखतात. एक मोठे आहेत."

"दोन्ही ओळखणारे घे. आता ऐक. यादी कर. जिथे गुण मागतच नाहीत तिथे हे पाठवू नकोस, तुझं बाकीचं यापेक्षा चांगलं बोलतंय. जिथे सक्ती आहे तिथे आकडा कमी दिसेल, म्हणून तशा दोनच जागा ठेव आणि प्रोजेक्ट वर आण. आणि परत द्यावीशी वाटली तर दे. पण सात नंबर मिळाला तर आधीच हात वर करून खुर्ची बदलून माग. चालतं ते."

मुलीने डोळे पुसले. "मॅडम, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"नव्हतं," स्नेहलता म्हणाली.

केयूरभाईंनी पुढच्या पाळीचं दार उघडलं. रांगेतली पहिली मुलगी सगळं ऐकत होती. ती पासपोर्ट पुढे करून म्हणाली, "मॅडम, माझंही सांगा ना. आठ पॉइंट एक आहे आणि—"

"आधी पेपर दे," स्नेहलता म्हणाली. "खिसे उलटे कर. मागचेही."